एड्रियनचा हिरवा राक्षस

...आणि वर ही मला विचारते, "तुला साधं वाईट रंगवता येत नाही?" नाही येत! चाळीस वर्षं घालवलीत हो मी चांगलं रंगवायला शिकण्यात. शिशाचा अंगठ्याएवढा राक्षस द्या, त्याच्या नखातला मळसुद्धा रंगवून देतो. नॉटिंगहॅमच्या आमच्या छोटे पुतळे रंगवणाऱ्यांच्या क्लबात तीन बक्षिसं आहेत माझी, विचारा कोणालाही. आणि आता मला काय जमायला हवं? तर नऊ वर्षांच्या पोरानं बरबटलेला राक्षस. तुम्हाला सांगतो, वाईट रंगवायला फार मेहनत लागते.

झालं काय, माझा थोरला भाऊ एड्रियन. आईचं घर विकताना आमचं वाजलं, तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. आणि मागच्या सोमवारी त्याचा फोन. "रसेल, रविवारी चारला चहाला येतो. माझा लहानपणीचा राक्षस तुझ्याकडेच आहे ना? तेवढा दे." कसा आहेस नाही, काही नाही. पण अकरा वर्षांनी माणूस काहीतरी मागत होता... मी म्हटलं, आहे की, ये.

आता राक्षस दोन. एकाच शनिवारी, एकाच दुकानातून, खाऊच्या पैशातून घेतलेले. एक त्याचा, एक माझा, दोन्ही हिरवेगार नि सारखेच बरबटलेले. म्हटलं, माझा साफ करून नव्यानं रंगवू, त्याच्याशेजारी शोभेल. रंग काढायचा तर दोन दिवस जंतुनाशकात बुडवायचा नि जुन्या टूथब्रशनं घासायचा, आम्ही सगळे हेच करतो. बुडवला, घासला, लखलखीत केला, उलटा केला... पायाखाली खिळ्यानं कोरलेलं एड्रियनच्या नावाचं पहिलं अक्षर. रंगाखाली दडलं होतं इतकी वर्षं! म्हणजे मी माझा समजून त्याचाच धुतला होता! त्या दिवशी शुक्रवार, लक्षात घ्या.

शनिवारी सकाळी बसलो. चांगला ब्रश फेकला, केस झडलेला घेतला. डाव्या हातानं रंगवला. जोॲन, म्हणजे बायको, भिंग लावून म्हणते, "डोळे किती भावपूर्ण आलेत रे." भावपूर्ण! एड्रियनच्या राक्षसाचा एक डोळा आभाळात नि दुसरा स्वतःच्या नाकपुडीत होता. काढला रंग. परत. या वेळी पोटावर छाया इतकी सुरेख पडली की मलाच काढवेना. तुम्हाला सांगतो, वाईट रंगवायला फार मेहनत लागते.

रविवारी दुपारी दोनला तोच राक्षस चौथ्यांदा रंगवून झाला. तेवढ्यात आठवलं, त्याच्या पाठीवर ओल्या रंगात एड्रियनचा अंगठा उमटला होता, नऊ वर्षांच्या पोराचा. तो कुठून आणू? जोॲनची करंगळी धरली नि दाबली. ती म्हणाली, "लग्नात असा हात धरला नव्हतास." मी केस वाळवायचं यंत्र लावून रंग सुकवतोय, पाठ अजून चिकट, आणि बेल. चारला चार मिनिटं कमी. हा माणूस आयुष्यात उशिरा आला नाही कधी.

बसला. चहाला हात लावला नाही. राक्षस उचलला, उलटा केला, पाठीवरच्या ठशावर अंगठा टेकवला... आता हिरवा होणार अंगठा. नाही झाला.

"अगदी तसाच आहे रे," तो म्हणाला. अंगठा तिथून उचलला नाही. खोटं कशाला सांगू, अकरा वर्षं उगाच घालवली आम्ही.

मग म्हणतो, "किती भयाण रंगवलाय मी! गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा घरी बसून शिकलो मीपण. हा साफ करून नीट रंगवायचाय. कशात बुडवतोस तू?"

जोॲन स्वयंपाकघरात पळाली, तिचं हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं.

"दोन दिवस भिजवावा लागतो," मी म्हटलं.

"मग भिजव. मंगळवारी येतो न्यायला. चहा ठेव."

तो गेला, मी बुडवला. दोन दिवस कसले! दुपारचाच रंग तो, दहा मिनिटांत सगळा सुटला. पण मी काय म्हणतो, मंगळवारी त्याला सांगणार आहे, बाबा रे, फार चिवट रंग लावला होतास, महिनाभर तरी लागेल... अधूनमधून येऊन बघत जा.