मोहोरासाठी दिलेली होळी

सन्माननीय अध्यक्ष दौलतराव पाटील, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते शेतकी खात्याचे हरिहरराव उकिडवे साहेब, आणि बाळकुमच्या माझ्या बंधुभगिनींनो,

घरातली पहिली पदवीधर म्हणून आज बोलण्याचा मान मला मिळाला. पण ती पदवी आंब्याच्या मोहोराने दिली, आणि तो मोहोर साहेबांनी वाचवला.

तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन आठवतो ना? खाडीवरून रोज पहाटे धुके यायचे. मोहोर काळा पडत चालला होता. गावाची वर्षाची मिळकत त्यातच, माझी शेवटच्या वर्षाची फीसुद्धा. साहेब म्हणाले, "ओल्या पेंढ्याचा धूर करा. सगळ्या बागांत, एकाच वेळी. मात्र विस्तवाला लाकूड हवे." लाकूड गावात होते कुठे? होळीसाठी जमवलेले, तेवढेच!

आमच्या ठमाआत्या, या समोरच बसल्या आहेत, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "देवीच्या होलीचा लाकूड तुज्या धुराला? आनि मोहर झरलाच तं?"

"तर शिमग्याला मी इथे येईन, ठमाबाई. साऱ्या गावाने मला शिव्या द्याव्यात."

"आमच्या पोरांच्या शिव्या आयकल्यास का कवा?"

"ऐकेन की!"

शेजारच्या वाडीतले गिल्बर्टमामाही झावळ्या घेऊन आले. म्हणाले, "माझी ना होळी, ना शिमगा. पण धुकं काय कुंपण बघून येतंय?"

मग होळीपर्यंत रोज पहाटे गाव धुरात खोकत होते. खाडीकडची झाडे गेली, आतल्या बागा वाचल्या. होळी जेमतेम गुडघ्याएवढी झाली. पलीकडच्या गावाने हसायचे ते हसून घेतले. आणि साहेब कुणी न बोलावता आले, टोपी काढून उभे राहिले. "खाडीकडचा मोहोर गेला. करा सुरुवात."

पोरे एकमेकांना पुढे ढकलू लागली. शेवटी आत्याच म्हणाल्या, "अर्धा वाचला ना? मंग अर्ध्याच शिव्या द्या रं याला. नि मंग जेवाया घाला."

आपल्या स्वतंत्र देशाला असेच अधिकारी लाभोत, एवढेच मला वाटते.

साहेब, उद्या पहाटे आपण रत्नागिरीला निघाल. आपले उपकार आम्ही विसरणार नाही. माझ्या बोलण्यात उणेअधिक झाले असेल तर लेक समजून पोटात घाला. आणखी एका गोष्टीची आधीच क्षमा मागते. उद्या आपल्याला पोचवायला नाक्यापर्यंतसुद्धा आमच्यातले कुणी येणार नाही. आज खाडीवर धुके दिसले आहे, आणि मोहोर नुकताच फुटला आहे. आम्ही सगळे बागेत असू.