पुन्हा या

रोह्याच्या नव्या मार्टमध्ये बिलाची रांग अडली होती. नम्रताची लेक शाळेच्या फाटकात ताटकळत असणार, म्हणून ती नुसती चरफडत होती. तिच्या पुढे नदीपलीकडच्या अष्टमी गावची एक उतारवयाची बाई होती आणि काउंटरवर किमया नावाची मुलगी, घोकल्यासारखं बोलणारी.

"नमस्कार. हवं ते सगळं मिळालं का?"

"मिळालं गो. पंचा, काळे तीळ, तूप."

"दोन पंच्यांवर एक फुकट आहे. देऊ?"

"नको गो बाय, एकच लागतो. माझ्या भावाचं दहावं हाय उद्या."

"सॉरी, मावशी. पिशवी देऊ?"

"दे. पण शेवटी तुमचं ते असतं ना, 'पुन्हा या', ते मला म्हणू नको. असल्या सामानावर म्हणत नाय."

"म्हणावंच लागतं. वर माइक आहे. नाय म्हटलं तर साहेब झापतात."

"मग मी बाहेर गेल्यावर म्हण."

"गिऱ्हाईक समोर असतानाच म्हणायचं असतं, मावशी."

"अहो, आटपा ना लवकर!" नम्रता मागून म्हणाली.

किमयाने पिशवी पुढे केली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बाई दारापर्यंत गेली नि सवयीने मागे वळली.

"बरं, येते हां गो!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

माइकला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा किमया म्हणाली, "नका येऊ, मावशी. पुन्हा नका येऊ."