खालची पोरगी

आमचं मूळ फुलंब्रीच्या पुढचं, डोंगराच्या कडंचं. मेंढरंवाली माणसं आम्ही. आजानं निजामाच्या राज्यात मेंढरं हिंडवली, बापाच्या वाट्याला आली तव्हा चराईची रानं सरत आली होती, मग बाप दुसऱ्याच्या शेतात रोजानं गेला आन मी शहरात येऊन गारखेड्यात रिक्षा धरली. शाळेची लेकरं ने-आण करायचो, अजून करतो. रिक्षावाला म्हणलं की लोकायला बडबड्या वाटतो, पण लेकरायच्या रिक्षात लेकरंच बोलतात, मी आपला आरशात बघतो. ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोला माहीत होती, ती बी बोलायची नाय, आन तिच्या न बोलण्याचंच मला लई भ्या वाटायचं.

काय सांगू तुम्हाला, जिम्नॅस्टिक्सच्या हॉलचा आन आमचा काय संबंध! रिक्षात एका मोठ्या साहेबाची पोरगी होती, सई. तिला शाळेतून हॉलवर सोडायचं, सुटेस्तोवर थांबायचं, घरी न्यायचं. माझी शीतल तिच्याच वयाची, दहा वर्षांची, तिला बी संगं न्यायचो. ती दारातून बघायची आन बघून बघून बाहेर फरशीवरच हातावर उभी राहायला शिकली, भिंतीला पाय न टेकवता. एक दिवस तिथं शिकवणाऱ्या सरांनी पाहिलं. म्हणले, काका, ही कुणाची? म्हणलं, माझीच. म्हणले, उद्यापासून आत पाठवा. पैशाचं काही बोलले नाहीत, कधीच नाहीत. हे आधी सांगतो, कारण पुढं मी त्याच माणसाला नाही नाही ते बोललो.

तिथं पोरींच्या जोड्या असतात. एक खाली पाय रोवून उभी राहते, दुसरी तिच्या खांद्यावर उभी राहून एक पाय डोक्यापर्यंत नेते, लोक टाळ्या वाजवतात. शीतल खाली, सई वर. एक महिना, दोन महिने, वर्ष झालं तरी तेच. पेपरात फोटो आला, सई हसतीय आन तिच्या पायाशी शीतलचा नुसता भांग दिसतोय, खालून फोटोच कापलेला. सर सईला बेटा म्हणायचे, शीतलला म्हणायचे, ए, मान सरळ. बाहेर डबे घेऊन पोरींच्या आया बसायच्या, त्यातली एक म्हणली, काका, मनाला लावून घेऊ नका, ज्याच्या बापाच्या गाडीला लाल दिवा त्याची पोरगी वर. दुसरी म्हणली, आन ज्याच्या बापाच्या गाडीला मीटर बी चालत नाय त्याची खाली. लई हसल्या. मी बी हसलो. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात गरगर फिरत राहिलं.

शीतलला म्हणलं, तुझे सर भेदभाव करतात. ती म्हणली, पप्पा, मला खालीच आवडतं, सई हलली की मी सावरते, तिला कळत बी नाही. म्हणलं, तुला काय समजतं. तर म्हणली, तुम्ही बी मला रिक्षात पुढं तुमच्या सीटच्या कोपऱ्यावर बसवता, सई मागं गादीवर असते. म्हणलं, अगं ते गिऱ्हाईक आहे.

मग एक दिवस सरांना गाठलं. सर म्हणले, काका, खाली उभं राहायला हिच्यासारखी पोरगी माझ्याकडं दुसरी नाही. मी म्हणलं, व्हय, मेंढरंवाल्याची पोरगी ओझं उचलायलाच लागणार, साहेबाची थोडीच उचलंल. सरांचं तोंड लाल झालं. म्हणले, वजन कमी करा तिचं, मग बघू वर. आन आत गेले.

रागात बोलून गेले असतील. पण मी ते हुकमासारखं धरलं. दूध बंद केलं. भाकरी अर्धी. शेंगदाणे, गूळ, सगळं डब्यातून काढलं. बायको म्हणायची, वाढतं लेकरू आहे हो, तिचा जीव घेता का? मी म्हणायचो, तुला तिचा फोटो बघायचा नाय का? आमचा आजा बाजारात कोकरू दोन्ही हातानं उचलून वजन सांगायचा, काटा लागायचा नाय. तसंच मी शीतलला रोज सकाळी रिक्षात बसवताना उचलून बघायचो. आजा हाताला जड लागलं की खूश व्हायचा. मी हलकं लागलं की खूश. आन ती पोरगी विचारायची, पप्पा, आज झाले का कमी? माझ्यासाठी उपाशी राहिली ती. वर जायची हौस मला होती, तिला नव्हती.

हॉलच्या वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी म्हणली, गरगरतंय. मी लिंबूपाणी दिलं.

माणसं भरलेली. पुढं साहेब, साहेबाची बाई. सई वर चढली, पाय उचलला, टाळ्या सुरू झाल्या आन मला शीतलचे गुडघे दिसले. लटपटत होते. मी उठून ओरडलो असतो तर? नाय उठलो. शीतलचा खांदा खाली गेला आन सई पडली. सईचं मनगट मोडलं. साहेबाची बाई धावत आली, म्हणली, जळकी कार्टी, मुद्दाम खांदा काढला हिनं! सर माझ्याकडं बघायले, शीतल माझ्याकडं बघायली. मला एवढंच म्हणायचं होतं की पोरगी उपाशी आहे, मी ठेवली आहे. आन मी काय म्हणलो? म्हणलो, मॅडम, माफ करा, पोरीची चूक झाली.

सईची माझी रिक्षा सुटली, शीतलचा हॉल. जळकी हे नाव शाळेपर्यंत मागं आलं. तिनं एकदा बी कुणाला खरं सांगितलं नाय.

आता ती मेडिकलवर काम करते, कॉलेज बी करते. मी समोर असलो की अजून ताटात अर्धी भाकरी ठेवून उठते. मधी त्या हॉलवर लहान लेकरायला शिकवायला माणूस पाहिजे होता. ती दारापर्यंत जाऊन परत आली. आईला म्हणली, तिथं मला कोण उभं करणार? ते ऐकून मला बसवंना, झोपवंना. दुसऱ्या दिवशी रिक्षा लावून सरांपुढं उभा राहिलो आन सगळं बोललो. सर म्हणले, काका, वजनाचं मी बोललो होतो का? मला आठवत नाही. मी म्हणलं, आन सईला वर ठेवली ती साहेबामुळं ना? म्हणले, साहेबानं हॉलला गाद्या दिल्या हे खरं आहे, पण शीतल खाली होती ती शीतल होती म्हणून. मानावं का नाय, माझं अजून ठरत नाय. सकाळी पटतं, संध्याकाळी पटत नाय. निघताना सर म्हणले, पाठवा तिला शिकवायला.

घरी येऊन सांगितलं. शीतलनं एवढंच विचारलं, सईला सांगितलं का?

सरांकडून सईचा नंबर घेतला, फोन लावला. सई पुण्याला शिकते. माझा आवाज ओळखून म्हणली, रिक्षावाले काका? मी सगळं सांगितलं. मग तिकडून म्हणली, काका, माझ्या तळपायाला कळत होतं, ती थरथरत होती. मी उडी मारून उतरायला पाहिजे होतं. पण आई समोर बसली होती, टाळ्या चालू होत्या. आन आई तिला तसं बोलली तेव्हा मी बी गप्पच राहिले.

शीतलनं फोन माझ्या हातातून घेतला आन गच्चीवर गेली. मी जिन्यात उभा. आधी काही ऐकू येईना. मग तिचा आवाज चढला, भांडत होती, मग रडली, मग परत भांडली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती कुणाशी भांडलीच नव्हती. दोघी बी सुखात राहोत. माझ्याशी भांडायचं अजून राहिलंय तिचं. भांड बाई, कव्हा बी भांड. मी घरीच असतो.