नाक धरून मंगलाष्टक

बायांनो, गेंगाणा आवाज म्हणजे नेमका कसला, हे मला सत्तरीत कळलं. तेही मला कुणी गेंगाणी म्हटलं म्हणून.

आमच्या उमेळे गावात घरच्या लग्नांत मंगलाष्टकं मीच म्हणते. शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी काही स्वतः रचलीत. नातवाच्या लग्नाच्या बैठकीला एव्हरशाईन वसाहतीतून, तिथल्या उंच इमारतींतून, नवरीची मामी आली. म्हणाली, "आजी, राग मानू नका, पण तुमचा आवाज जरा गेंगाणा आहे. आपण रेकॉर्डच लावू या."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. चाळीस वर्षांचा मान असा जाऊ देईन होय? विचारलं, "गेंगाणा म्हणजे काय हो?"

"म्हणजे... नाकातून येतो तो."

"मग सर्दीत 'मामा'चं 'बाबा' होतं, त्यालाही नाकात बोलणंच म्हणता. तेव्हा तर नाक बंद असतं, त्यातून काहीच येत नाही!"

आता मलाच राहवेना. म्हटलं, "नाक धरा आणि 'शुभमंगल सावधान' म्हणून बघा."

तिने धरलं. "शुभबग्गल सावधाद!" नवरी हसून लोळली. मग मी धरलं, तर माझंही 'सावधाद'च!

"बघा," म्हटलं, "'म' आणि 'न' सगळ्यांचेच नाकातून येतात. नाकाशिवाय कुणाचंच लग्न लागत नाही. रेकॉर्ड राहू दे घरी."

लग्नात पाच मंगलाष्टकं मी म्हटली. सहावं म्हणायला मामी स्वतःहून पुढे आली, आणि तीही चक्क नाकात!