पाकीट रिकामं निघालं

(दवाखान्याच्या तळमजल्यावरची सर्व्हरची खोली. भर दुपार. मेट्रन दारात, सून कीबोर्डसमोर. सासरे घरी, त्यांचा आवाज फोनच्या स्पीकरवरून.)

मेट्रन : दोनला बंद केलंस, दोन बारा झाले. पावणेतीनला पाळी बदलते. चाळीस नर्सना नाव टाकून आत शिरायचंय, आणि तू नुसती स्क्रीनकडे बघत बसलीयस!

सून : पासवर्ड मागतंय.

मेट्रन : मग दे की!

सून : रोजचा नाही हो. सर्व्हर दुरुस्तीसाठी उघडला की त्याचा वेगळाच पासवर्ड लागतो. बाबा इथे नोकरीत असताना, अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ठेवलेला. कपाटातल्या पाकिटात असेल असं धरून चालले, आणि पाकीट निघालं रिकामं. आधी उघडून बघायला हवं होतं, चूक माझीच.

मेट्रन : मग सासऱ्यांना फोन लाव. त्यात काय एवढं?

सून : सहा दिवस झाले, बोलत नाहीत माझ्याशी. मी घरी पोचायच्या आत जेवतात आणि खोलीचं दार लावून घेतात.

मेट्रन : अगंबाई! का?

सून : इथे कोण कोण काम करतं, कुणाला काय उघडता येतं, ते सगळं एका डिरेक्टरीत असतं. सोडून गेलेल्यांची सात हजार नावं तिच्यात साचली होती. ती मी वर्षापूर्वी पुसली. आणि गेल्या महिन्यात निवृत्त मंडळींचीसुद्धा.

मेट्रन : त्यांचंही?

सून : त्यांचंही. गेल्या आठवड्यात कसल्याशा कागदासाठी आले होते. सवयीने नाव टाकलं, तर मशीन म्हणालं, असा कुणी माणूसच नाही.

मेट्रन : आणि एवढी नावं पुसूनही आमचं लॉगिन रडतखडतच!

सून : ओळी खोडल्या म्हणून वही पातळ होते का? उरलेली नावं नव्या वहीत उतरवून घ्यावी लागतात. तेच आज करायचंय. त्यासाठीच बंद ठेवलंय.

मेट्रन : हे बघ पोरी. आज जमलं नाही तर उद्यापासून बाहेरची कंपनी, असं वरून सांगितलंय. तुझी बाजू मी घेतलीय. रुसवेफुगवे घरी ठेव. आण इकडे तो फोन... हॅलो, साहेब? मी मेट्रन.

सासरे : बोला. आज कशी आठवण झाली? माझं तर तिथे नावच नाही म्हणे.

मेट्रन : रुसायचं वय राहिलंय का तुमचं? सुनेशी बोला.

सून : बाबा, दुरुस्तीचा पासवर्ड हवाय.

सासरे : पाकिटात.

सून : पाकीट रिकामं आहे.

सासरे : हं... हो, मीच काढला होता. ते कपाट कुणीही उघडतं. म्हणून सुरक्षित जागी हलवला.

सून : कुठे?

सासरे : माझ्या नावाखाली. डिरेक्टरीत. पत्त्याच्या रकान्यात.

सून : डिरेक्टरीत? बाबा, ती बंद असतानाच तर हा पासवर्ड लागतो!

मेट्रन : म्हणजे किल्ली आत ठेवून कपाटाला कुलूप! धन्य आहे तुमची!

सासरे : चुकलं माझं. आणि आता तर ते नावही राहिलं नाही.

मेट्रन : दुष्काळात तेरावा महिना!

सून : थांबा. पुसलेलं नाव लगेच जात नाही. तुम्हीच शिकवलंत.

सासरे : शिकवलं खरं. पुसल्याचा नुसता शिक्का बसतो. आतलं सगळं सहा महिने तसंच पडून असतं.

सून : मग सर्व्हर साधा सुरू करते आणि तुम्हाला परत आणते.

सासरे : सुरू व्हायला पाच मिनिटं, पुन्हा दुरुस्तीत जायला पाच. किती वाजले?

मेट्रन : दोन सतरा.

सासरे : जमेल. घाबरू नकोस.

मेट्रन : ...झाला गं सुरू. लवकर शोध.

सून : शोधतेय... सापडलात, बाबा!

सासरे : कसा आहे मी?

सून : होतात तसेच. हुद्दा, फोन, आणि पत्ता... अय्या, हा पत्ता?

सासरे : मोठ्याने वाचू नकोस! मेट्रन आहेत तिथे.

सून : लिहून घेतला. पुन्हा बंद करते.

मेट्रन : दोन अठ्ठावीस.

सून : घेतला! मशीनने पासवर्ड घेतला, बाबा!

सासरे : आता सावकाश. नवी फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरव.

सून : तिथेच उतरवतेय. चालू झालं.

मेट्रन : स्क्रीनवरची ही पट्टी हलत का नाही?

सासरे : हलेल. तिला आपली घाई कळत नाही.

सून : बाबा, पुसायच्या आधी मी विचारायला हवं होतं.

सासरे : नियम माझाच होता. निवृत्त झाला की तीस दिवसांत नाव काढायचं. किती जणांची काढली, एकालाही विचारलं नाही. माझ्या वेळी मात्र सोयीने विसरलो.

सून : तरीपण.

सासरे : तरीपण लागलं मनाला. खोटं कशाला बोलू?

मेट्रन : अगं, पोचली बघ पट्टी!

सून : साडेआठ जीबीची फाईल दोन जीबीवर आली!

सासरे : नाचू नकोस. तपासलीस?

सून : तपासतेय... एकही चूक नाही. जुनी बाजूला काढली, नवी तिच्या जागी ठेवली.

सासरे : जुनी पुसलीस तर बघ! आठवडाभर राहू दे.

सून : राहू देते. आता सुरू करते... टाका तुमचं नाव, मेट्रन.

मेट्रन : टाकलं. अगं, शिरले की! पापणी लवायच्या आत! दोन त्रेचाळीस. कंपनी गेली उडत, मी वर जाऊन सांगते सगळ्यांना. साहेब, नशीब काढलंत हो, अशी सून मिळाली!

सासरे : ठाऊक आहे मला.

सून : बाबा, गेल्या मेट्रन. तुमचं नाव आता चालू आहे. राहू देऊ?

सासरे : नको. नियम तो नियम, पूस. फक्त पासवर्ड आधी बदल.

सून : आणि नवा ठेवू कुठे?

सासरे : वहीत. येताना एक घेऊन ये, जाड पुठ्ठ्याची. माझ्या डोक्यात अजून बरंच पडलंय, तेही उतरवून घे.

सून : जेवणं झाली की बसू?

सासरे : बसू. थांबतो आज तुझ्यासाठी.