अकरावी ओळ

नाही, खोडणार नाही म्हटलं ना साहेब, एकदा सांगितलं की सांगितलं — आणि ते पेन असं पुढे करू नका, माझ्याकडे माझं आहे. बसा. स्टूल तेवढं एकच आहे, हलतं, पण पाडत नाही कोणाला. थंडी वाजतेय? वाजणारच, ही खोली काही तुमच्या-माझ्या सोयीनं बांधलेली नाही. बावीस वर्षं झाली मला या शवागारात — आलेल्याला धुवायचं, पुसायचं, पायाच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी बांधायची, कप्प्यात ठेवायचं, आणि कोणी बघायला आलं तर आधी रजिस्टरात नोंद करायची. नोंदीशिवाय कप्पा उघडायचा नाही, हा नियम तुमच्याच ऑफिसचा. मी पाळला. आता तुम्हीच येऊन म्हणता, केलेली नोंद खोड. वा, छान आहे.

अकरावी ओळ ना? वाचा की, अक्षर माझंच आहे. पहिल्या रकान्यात भेटायला आलेल्याचं नाव, दुसऱ्यात मयताचं. दोन्हीकडे एकच नाव दिसलं म्हणून तुमच्या मोठ्या साहेबांनी शोध लावला — बाईची गडबड झाली, वय झालं आता तिचं. अहो, मी विचारलं, नाव काय तुमचं? तिनं सांगितलं, मी लिहिलं. कोणाला बघायचंय? तिनं नऊ नंबरच्या कप्प्याकडे हात केला. नऊमध्ये पाच दिवस एक बाई होती, चाळिशीची, बसथांब्याच्या बाकावर बसल्या बसल्या गेलेली — जवळ पिशवी नाही, कागद नाही, चौकशीला कोणी फिरकलेलं नाही. मी म्हटलं, हिचं नाव काय? तर पुन्हा तेच नाव. मला वाटलं, प्रश्न डोक्यात शिरला नसेल. दुःखात माणसं काय वाटेल ते बोलतात — एका गृहस्थांना मी मयताचं वय विचारलं, तर त्यांनी मला घराचा पत्ता सांगितला, कितवा मजला, कोणत्या हाताचं दार, सगळं. तेव्हा मी आपलं सांगितलं तसं लिहिलं. गावही सांगितलं तिनं, आणि आई तिथल्या शाळेशेजारी कपडे शिवते, एवढंच. तेही शेऱ्यात आहे, बघा.

वॉचमन म्हणतो कोणी आत गेलंच नाही? त्याच्या नाकासमोरून हत्ती गेला तरी तो म्हणेल, मी वर्तमानपत्र वाचत होतो. कॅमेरा — हो, तो मीही बघितला. त्यात मी दार उघडते, धरून उभी राहते, कोणाला वाट द्यावी तशी बाजूला होते, आणि दार लावते. दुसरं कोणी नाही. भर दुपारी बारा वाजता. मग काय? तुम्हीच सांगा, रिकाम्या हवेला कोणी वाट देतं का? बावीस वर्षांत दिली का मी कधी?

वर्णन कसलं मागता, चेहरा मी बघितलाच नाही. मी चेहरे बघत नाही, पाय बघते. चक्कर येणार असली की माणसाच्या पायांना आधी कळतं — बोटं आत वळतात, टाचा हलक्या होतात — मग मी स्टूल सरकवते. हिचे पाय मात्र स्थिर होते. अनवाणी. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, डाव्या करंगळीला नख नाही. मी कप्पा ओढला, तोंडावरची चादर बाजूला केली, तर म्हणाली, "भांग मधून पाडलाय. माझा बाजूला असतो." माझा — हो, असंच म्हणाली. जबाबात मी तो शब्द घातला नाही, आता तुम्ही खोदून विचारताय म्हणून सांगते. मी कंगवा घेतला, भांग नीट बाजूला पाडला, आता बरं का म्हणून मान वर केली, तर कोणी नाही. मग खालची चादर सारून चिठ्ठीचा दोरा बघितला, तो मी प्रत्येक वेळी बघतेच — आणि तेच पाय. मीच धुतले होते ते पाच दिवसांपूर्वी, पण निजलेले पाय आणि उभे पाय वेगळे दिसतात हो, लगेच ओळखू नाही आले. हे काही तुम्हाला सांगणार नव्हते मी. सुटलं तोंडून. लिहा, नाहीतर लिहू नका. वेडी म्हणा. भ्याले का? भ्याले, थोडी. पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले, परत येऊन कप्पा लावला. मेलेल्यांना भिऊन माझं पोट भरलं नसतं, साहेब. भीती वाटते ती जिवंतांची, आणि तीसुद्धा आता राहिली नाही फारशी.

तुम्हाला ही ओळ का नकोय, ते कळतं मला. नाव असलं की गावाला कळवून आणखी सात दिवस थांबावं लागतं. नाव नसलं की मुदत आज संपली, चार वाजता गाडी येणार, बेवारस म्हणून नेणार, कप्पा मोकळा. बेवारस कोणी नसतं. शिवणारी आई असते कुठेतरी.

मी एकदा खोडलंय. तेव्हा तुमच्या जागेवर दुसरे साहेब होते. एक म्हातारे आले होते, वाटेतच गेलेले; त्यांचं नाव अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. ऐकीव आहे, खोड, म्हणाले साहेब. मी नवीन होते. पट्टी लावून खोडलं, अगदी सरळ रेघ. तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी आली, नाव घेऊन विचारत होती. मी म्हटलं, असं कोणी आलं नव्हतं. तोंडाकडे बघवेना तिच्या, म्हणून खाली बघितलं. चपलेचा अंगठा तुटला होता, पिन लावून चालत आली होती. तेव्हापासून मी पाय बघते. ते चक्कर-बिक्कर मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगितलं.

द्या इकडे तो कागद. हा नाही, तुम्ही लिहून आणलेला माफीचा नाही — ओळख पटल्याचा, फाइलीत खाली आहे. ओळख पटवणारं माणूस जिवंत लागतं ना तुम्हाला, कॅमेऱ्यात दिसणारं? मी दिसते. ही माझी सही. खोटी ठरली तर नोकरी जाईल, निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, घरी नवरा अंथरुणावर आहे — माहीत आहे सगळं, तुम्ही नका सांगू. नातं काय लिहू? थांबा, लिहिते. "आंघोळ घातली." रकाना लहान आहे, पण मावलं.

घ्या. आता सात दिवस नऊ नंबरला कोणी हात लावायचा नाही. गाडीवाल्याला जाता जाता सांगा, मोकळाच परत जा म्हणावं. उठा साहेब. तुम्ही असताना मला तिच्याशी बोलता येत नाही, आणि आईला निरोप जाणार आहे हे अजून तिला सांगायचं राहिलंय.