बोहनी आन बॅटरीची गाडी

मी मूळचा वडनेरचा. बाप मजुरीले जाय, आमी पाच भावंडं, तं लग्न झालं आन मी वर्ध्याले आलो, तवापासून ठेलाच. ठेला म्हंजे तीन चाकाची सायकल जी, फळी लावलेली. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माल घ्या आन बाजाराच्या गल्लीत दुकानादुकानात नेऊन द्या. काय सांगू तुमाले, बावीस वर्षं पायडल मारलं, गुडघ्याच्या वाट्या पार घासल्या, पन कोनाची एक पेटी इकडची तिकडं गेली नाई.

मंग माल पोचवनाऱ्या एका कंपनीच्या मॅडम आल्या. त्याईनं सांगतलं का गल्लीत ट्रक-टेम्पो नको, धूर होते, रस्ता तुंबते, आता सगळ्याईचा माल गावाबाहेरच्या गोदामात उतरन आन बॅटरीची एकच गाडी एका फेरीत साऱ्या दुकानाले वाटन. गाडी कोनाले, तं मले, काऊन का गल्ल्या मले पाठ. लय आनंद झाला जी. बायको म्हने, आता तरी तुमचे पाय वाचतीन. मी ठेला भंगारात देऊन टाकला. तेच चुकलं माह्यं.

गाडी चांगलीच होती, आवाज नाई का धूर नाई. पन तिच्यासंगं मोबाईल आला. पयले कोनतं दुकान, मंग कोनतं, ते मोबाईल सांगते, क्रम मोडला का लाल निशान. आता आमच्या गल्लीत शेठ लोक बोहनी झाल्याशिवाय, म्हंजे दिवसाचं पयलं गिऱ्हाईक झाल्याशिवाय, गल्ल्यातून भाडं काढत नाईत, आन भाडं दिल्याशिवाय माल उतरवून घेत नाईत. ठेल्यावर होतो तवा मी ज्याची बोहनी झाली त्याच्याकडं पयले जाय. सवयच ना ते. गाडी घेऊनबी तसंच केलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं, चार-चार चकरा. कापडवाल्या शेठले म्हटलं, घ्या ना जी आदी, तं म्हने, तुह्या मोबाईललेच समजव. मॅडमले म्हटलं, तं त्या म्हने, काका, तुमी शेठले समजवा. दोघंई बोलाले गोड. माह्यं कोनीच आयकलं नाई.

त्या चकराईपायीच एक दिवस सनाच्या तोंडावर भर बाजारात बॅटरी उतरली. गाडी भरलेली, ढकलता ढकलत नाई. दुकानदाराईनं डिझेलचा ऑटो बोलावला, आन धूर नको म्हनून ज्या गाडीत माल भरला होता, तिच्यातला माल मीच माह्या हातानं त्या धुराच्या ऑटोत चढवला. रडू आलं मले, खोटं काऊन सांगू.

आता गाडी गोदामात उभी हाय. मॅडम म्हने, वरून कळन तवा बोलावतो. मी रोज सकाळी जाऊन बसतो, दुपारी घरी येतो. परवा त्या ऑटोवाल्यानं मले रस्त्यात थांबवलं. म्हने, काका, कोनत्या दुकानात किती वाजता जाऊ, शेठ लोक मले हाकलून राह्यले. मी सांगतलं सारं, कोनाची बोहनी कवा होते ते, एकेक दुकान करून. घरी आलो तं बायको चिडली, म्हने, तुमी आपल्या हातानं आपलं काम त्याले देऊन आले. आलो देऊन. विचारलं त्यानं, तं काय करू? त्याचंबी घर हाय, लेकरं हायेत. चालू दे बाप्पा त्याचं.